राणी आणि पळसपारचं पाणी

आमच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेतलं यंत्र पाण्यात विरघळलेला सेंद्रिय कार्बन जाळायचं, तेव्हा तो कार्बन जळण्याआधी एकदा बोलायचा, आणि काय बोलला ते शेऱ्याच्या रकान्यात लिहिणं हे माझं काम होतं.

बोलणं फार मोठं नसे. तलावाचं पाणी असलं की दिवसभर आपलं "शेवाळ", "शेवाळ", "शेवाळ". मध्येच एखादं "पळसाचं पान, कुजलेलं". कधी "कपड्याचा साबण, निळा". विहिरीचं पाणी मितभाषी. नाल्याचं पाणी मात्र तोंडाचं इतकं फाटकं की कोणी वरिष्ठ भेटीला येणार असले, तर त्या दिवशी फुलझेले साहेब नाल्याचे नमुने लावूच देत नसत.

हे मोजायचं कशासाठी, असं लोक विचारत. पाण्यात सेंद्रिय कार्बन जास्त असला आणि त्यात क्लोरिन टाकला, की नको ते पदार्थ तयार होतात. म्हणून आधी मोजायचं. पाणी बारीक गाळणकागदातून ओढून घ्यायचं. कागदावर राहिलं ते गाळ, खाली उतरलं ते विरघळलेलं. मग आम्लाचे थेंब टाकून त्यातून शुद्ध हवेचे बुडबुडे सोडायचे, म्हणजे चुनखडीचा कार्बन उडून जातो. तो तसाही मुका. जो कधी जिवंतच नव्हता, त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं. उरलेलं पाणी भट्टीत गेलं की पडद्यावर एक उंचवटा उमटे, आणि धूर बाहेर जायच्या नळीतून आवाज येई.

नियम असा की प्रत्येक नमुना तीनदा जाळायचा. तिन्ही वेळा आकडा जुळला आणि तिन्ही वेळा बोलणं जुळलं, तरच निकाल ग्राह्य. यंत्र बसवणाऱ्या इंजिनिअरला मी पहिल्याच महिन्यात विचारलं होतं, की हे बोलणं कमीजास्त करायचं बटण कुठे आहे. त्याने कागदपत्रं चाळली आणि बोलणं देखभालीच्या करारात येत नाही असं सांगितलं.

फुलझेले साहेब आमचे प्रमुख. रोज सकाळी कामाची सुरुवात ते कोऱ्या पाण्याने करत. कोरं पाणी म्हणजे ज्यात काहीच नाही असं आम्हीच तयार केलेलं पाणी. ते यंत्रात गेलं की गप्प बसलं पाहिजे. साहेब डोळे मिटून, हाताची घडी घालून ते गप्प बसणं ऐकत, आणि समाधान झालं की "हं, करा सुरू" म्हणत. त्या शांततेत चहाच्या कपाचाही आवाज करायची आमची छाती नव्हती.

एकदा कोरं पाणी बोललं. "खर्रा. चौकातला. चुना जास्त." नमुने आणणारे, तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळणारे हुकरे तेव्हापासून बाटल्यांना हात लावायच्या आधी तोंड धुऊन येत. आमच्या कामात ही सगळ्यात मोठी धास्ती. डोक्याला लावलेलं तेल, हाताला लागलेली भाजी, नुसता बोटाचा घाम बाटलीत गेला तरी तो पाण्याच्या वतीने बोलू लागतो. म्हणून बाटल्या काचेच्या, भट्टीत भाजून घेतलेल्या, आणि बाटलीत हात म्हणून जायचा नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढे तिचं काम आहे. एकाच बाटलीत एकमेकांना ओळखणारे दोघे असले, तर ते एकमेकांशी बोलत. एका गावच्या धुण्याच्या घाटावरच्या नमुन्यात एक साबण म्हणाला, "माझा दगड आहे हा." दुसरा साबण म्हणाला, "दगडावर तुझ्या बापाचं नाव आहे का?" तिन्ही वेळा तेच, तेवढ्याच जोरात. साहेबांनी निकाल ग्राह्य धरला.

आता तिथे नवं यंत्र आहे. ते फक्त आकडा देतं. आकडा अचूक असतो, मी काही म्हणत नाही. पण मला त्या जुन्या यंत्राची फार आठवण येते, आणि त्या आठवणीत पहिल्यांदा येते ती यशोदाबाई नान्हे.

शिमगा नुकताच झाला होता. पळसपार नावाच्या गावाहून ती पहिल्या एसटीने आली आणि दुपारपर्यंत व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिली. हातात पिशवी, पिशवीत वाळवलेले शिंगाडे. साठीची असेल. ढिवराची, म्हणजे मासे धरणाऱ्यांतली बाई, तलावावर जन्म गेलेला. मी विचारलं, काय काम आहे.

"तुमच्या मशिनीत आमच्या तराचं पानी बोलते म्हनतात जी."

"तलावाचं ना? बोलतं."

"मंग माह्या घरवाल्याचा आवाज आयकाचा होता."

मी तिला आत बसवलं. तिचा नवरा डोमाजी. पावसाळा ते दिवाळी तो तलावात शिंगाडे लावायचा, तोडायचा, छातीभर पाण्यात उभा. आणि धान निघून झाडीपट्टीत नाटकं सुरू झाली की तो राणी व्हायचा. नाटकांत बाया यायच्या आधीचा काळ. राणी चंद्रावतीचं काम त्याने इतकी वर्षं केलं, की बाहेरगावचे लोक त्याला राणी म्हणूनच ओळखत. नाटक रात्रभर चालायचं. उजाडलं की डोमाजी तलावाच्या पायऱ्यांवर बसून खोबरेल तेलाने तोंडाचा रंग काढायचा आणि तिथेच पाण्यात धुऊन टाकायचा.

त्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"आवाज कशाला ऐकायचाय?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण अर्जात कारण लिहावं लागतं.

तिने शिंगाड्यांची पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "मले तो आठवतच नाइ जी. राणीचा आवाज साऱ्या गावाले पाठ आहे. कॅसेट आहे तिची. पोट्टे नक्कल करतात. पन घरी त्याईचा आवाज निराळा होता. अन् घरी ते बोलतच कमी. सारं बोलनं राणीपायी सरून जाय. आता मी निजताना याद कराले जातो तं राणीच बोलते."

हे ती इतकं साधं बोलली की मला पाणी प्यावंसं वाटलं. मी उठून पाणी प्याले.

पळसपारचा नमुना आमच्याकडे होता, हुकऱ्यांनी मागच्याच आठवड्यात आणलेला. मी साहेबांची परवानगी घेतली. साहेबांनी तिला खुर्ची दिली, कोऱ्या पाण्याची शांतता आधी ऐकवली, आणि मग नमुना लावला.

"शेवाळ," नळी म्हणाली. मग "कमळाचा देठ." आणि मग, एकदम खणखणीत, पुस्तकी भाषेत, "प्रधानजी! दरवाजे उघडा. चंद्रावतीचा निर्णय झालेला आहे."

यशोदाबाईने कपाळाला हात लावला. "आली माय ही."

दुसऱ्यांदाही प्रधानजी, तिसऱ्यांदाही प्रधानजी. साहेबांनी निकाल ग्राह्य धरला. त्यांनी तिला समजावून सांगितलं की त्यात नवल नाही. ते तेल राणीच्या तोंडावरून निघालेलं, त्यामुळे त्याला आपण राणीचेच वाटणार. तेलाला मागचा माणूस कसा कळणार?

"पन पंधरा पावसाळे तं ते पान्यात उभे होते," ती म्हणाली. "शिंगाड्यात. घाम तं त्याईचाच असन ना?"

साहेब विचारात पडले. मुद्दा शास्त्रीय होता. घाम हा सेंद्रिय कार्बनच. हुकऱ्यांनी नमुना पायऱ्यांजवळून घेतलेला. शिंगाड्याचं पाणी तलावाच्या पल्याडच्या कोपऱ्यात. साहेबांनी तिथून दोन बाटल्या आणायला सांगितलं. हुकऱ्यांनी आणल्या. "शेवाळ. शिंगाड्याची वेल. शेवाळ." आणि लांबून, मंद, "प्रधानजी." बाकी काही नाही.

पुन्हा आणल्या. पुन्हा तेच. यशोदाबाई दर खेपेला पहिल्या एसटीने यायची आणि शेवटच्या एसटीने जायची. येताना कधी शिंगाडे, कधी सुकलेले झिंगे. साहेब ते घेत नसत. मग ते आम्ही घरी नेत असू आणि साहेब दुसऱ्या दिवशी कसे झाले होते ते विचारत. ती एका कोपऱ्यात बसून इतर गावांचंही पाणी ऐकायची. एखादं पान बोललं की "मोहाचं आहे ते" म्हणून मान हलवायची. त्या महिन्यात प्रयोगशाळेत एक प्रकारचा घरपणा आला होता. भट्टीची ऊब, पंख्याची घरघर, आणि नळीतून एकेक गाव आपली ओळख सांगतंय. मला वाटतं नोकरीतले माझे तेच खरे दिवस.

मग कळलं की पळसपारच्या तलावातला गाळ काढायचा ठरला आहे. उन्हाळ्यात पाणी सोडून देणार, तळ कोरडा करणार. पावसाचं नवं पाणी येईल, पण नवं पाणी कित्येक महिने काही बोलत नाही. त्याच्यात अजून कोणी उतरलेलं नसतं. म्हणजे डोमाजी कुठे असलाच, तर तो नाल्याने नदीला जाणार, आणि नदीत इतकी गावं एकदम बोलतात की कुणाचंच कळत नाही.

शेवटचा नमुना घ्यायला मी स्वतः गेले. हुकऱ्यांच्या मेहुणीचं लग्न होतं. भाजलेल्या बाटल्या त्या दिवशी दोनच उरलेल्या, आणि एक तर जीपमधून उतरतानाच दगडावर आपटली. साहेबांच्या शब्दांत सांगायचं तर आमचा विभाग आता एका बाटलीवर आला होता.

तलाव अर्धा ओसरला होता. मला पोहता येत नाही, त्यामुळे डोंगा वल्हवायला यशोदाबाईच बसली. झाडाच्या एकाच खोडातून कोरलेला तो डोंगा. मी दोन्ही कडा घट्ट धरून मधोमध बसले, आणि पळसपार आपल्या झाडांसकट हळूहळू लांब गेलं. ती बोलत होती. इथे तो उभा राहायचा. त्या पाळीवरून ती त्याला जेवायला हाक मारायची. तिथून इथपर्यंत हाक पोचायची, पण तो कधी वेळेवर यायचा नाही, हातातली वेल संपल्याशिवाय पाण्याबाहेर निघायचाच नाही.

"बाटली तुम्ही धरा," मी म्हटलं, कारण माझे हात कडा सोडायला तयार नव्हते. "तोंड खाली करून बुडवायची, मग उलटी करायची. तोंडाजवळच्या पाण्याला हात लागता कामा नये. समजलं ना?"

"हव जी."

तिने बूच काढलं. आणि मग तिने ते केलं, जे त्या भागातली कुठलीही बाई तळ्याचं पाणी भरताना करते. उजवा हात पाण्यात घालून दोनदा गोल फिरवला, वरची पानं-कचरा बाजूला सारला, आणि त्या जागेवर बाटली बुडवली. सकाळी भात वेळून, पेज गाळून आलेला हात. तो मनगटापर्यंत पाण्यात, आणि त्याच पाण्यात बाटली.

"यशोदाबाई," मी म्हटलं.

"काय जी?"

बाटली भरली होती. दुसरी नव्हती. मी म्हटलं, "काही नाही. बूच लावा."

परतताना जीपमध्ये ती मागे बसली होती आणि बाटली बर्फाच्या पेटीत. मला फार वाईट वाटत होतं. जन्मभराची सवय, ती काय नियमाने मोडते? पण नियमही खोटा नव्हता. त्या पाण्यात आता ती होती.

साहेबांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे दूषित." मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "लावू नका." मग त्यांनी कोपऱ्यात बसलेल्या यशोदाबाईकडे पाहिलं. तिने त्या दिवशी नवं लुगडं नेसलं होतं. साहेब म्हणाले, "लावा. पण निकाल धरला जाणार नाही."

मी पाणी गाळलं. आम्ल टाकलं, बुडबुडे सोडले. साहेबांनी सवयीने डोळे मिटले. भट्टीत पाणी गेलं.

"शेवाळ," नळी म्हणाली.

मग एका बाईचा आवाज आला. तरुण, लांबून मारलेली हाक, शेवटचं अक्षर ओढलेलं. "जेवाले चला जीऽ."

यशोदाबाई खुर्चीतून अर्धवट उठली. "हे तं मीच होय," ती म्हणाली. साहेबांनी मान हलवली. त्यांना तेच अपेक्षित होतं. हात तिचा होता, पेज तिची होती.

पडद्यावर दुसरा उंचवटा चढायला लागला. छोटाच होता. आणि नळीतून एक पुरुष, जरा घोगरा, कामात गुंतलेला, म्हणाला, "आलो."

पंखा फिरत होता. यशोदाबाईने दोन्ही हात तोंडावर धरले होते.

दुसऱ्यांदा लावायचं होतं. नियम तो नियम. मी लावलं.

"जेवाले चला जी. भात गार होऊन राह्यला."

"आलो म्हनलो ना."

तिसऱ्यांदा तिचा आवाज आता जरा चढलेला. "मी माह्यं वाढून घेतो मंग. बसा तिथंच, शिंगाडेच खा."

यावर थोडा वेळ नुसतं पाणी हलल्यासारखा आवाज आला. मग तो हसला. हसणं पडद्यावर उंचवट्याच्या शेजारी बारीक थरथरीसारखं दिसलं. आणि म्हणाला, "येशे, आलो वं. हे येवढी येल."

यंत्र थांबलं. यशोदाबाई रडत होती, आणि रडता रडता मान हलवत होती, एखाद्याची चूक नेमकी सापडल्यावर हलवतात तशी. "हाच," ती म्हणाली. "हाच होय. येशे म्हनत. मी तं येशे पन विसरलो होतो."

मला तेव्हा कळलं की आम्ही इतके नमुने आणले, त्यात तो असलाच पाहिजे होता. पण तो आपणहून बोलणाऱ्यांतला नव्हता. हाक मारल्याशिवाय त्याला उत्तर द्यायची वेळच आली नव्हती, आणि आमच्या स्वच्छ बाटल्यांत हाक मारणारं कोणी नव्हतं.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. तो पुन्हा घातला आणि पुन्हा काढून पुसला. मग निकालाचा कागद पुढे ओढला.

"तिन्ही वेळा बोलणं जुळलं का?" त्यांनी विचारलं.

"शब्दशः नाही जुळलं, सर."

"उत्तर काय आलं?"

"तिन्ही वेळा आलो, असंच आलं."

"मग जुळलं." त्यांनी लिहिलं, नमुना दूषित, उत्तर ग्राह्य. खाली सही केली, आणि कागद वाळायची वाट न बघता बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले.

यशोदाबाईने डोळे पुसले, लुगड्याचा पदर कमरेला खोचला, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "एसटी कितीची आहे जी?"

"शेवटची गेली. मी जीपने सोडते. इतकी घाई कशाला?"

"आलो म्हनाले ना," ती म्हणाली. "भात टाका लागन."

मी तिला सोडायला गेले. घर तलावाच्या पाळीला लागूनच. तिने चूल पेटवली, तांदूळ धुतले, धुतलेलं पाणी दारातल्या कर्दळीला घातलं. कोलमाच्या भाताचा वास सुटला. सुकल्या झिंग्यांची चटणी परतून झाली. मग तिने भिंतीशी तीन पाट मांडले, तिसऱ्यापुढे पितळेची जुनी थाळी ठेवली, आणि दारात जाऊन तलावाकडे तोंड करून हाक मारली. आवाज म्हातारा झाला होता, पण शेवटचं अक्षर तसंच ओढलेलं.

आत येऊन ती माझ्यासमोर बसली. "तुमी जेवून घ्या मॅडम. तुमाले लांब जाचं आहे. त्याईचं आलो म्हंजे अजून घंटाभर."

मी पाट जरा सरकवून भिंतीला टेकून बसले आणि म्हटलं, मला काही घाई नाही, एवढी वेल होऊ दे त्यांची.